शास्ती म्हणजे दंडच का? (अर्थ, वापर आणि बिलावरचा हिशेब)

टाकबोरू

मालमत्ता कराच्या बिलात ‘शास्ती’ नावाचा रकाना असतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० ला हेच नाव आहे. विभागीय चौकशीचा शेवटचा आदेश ‘पुढील शास्ती लादण्यात येत आहे’ असा निघतो. एवढा छापला जाणारा शब्द, पण बोलण्यात जवळपास नाहीच. सिग्नल तोडला की दंड होतो, वर्गात दंगा केला की शिक्षा होते, दुसऱ्याने घोळ घातला की आपल्याला भुर्दंड पडतो. शास्ती ‘होते’, ‘लागते’ की ‘बसते’ इथपासूनच गोंधळ.

व्युत्पत्तीपुरतं सांगून ठेवतो. संस्कृतात ‘शास्’ हा धातू आहे. राज्य करणं, शिकवणं, ताळ्यावर आणणं हे त्याचे अर्थ. शासन, शास्त्र, अनुशासन आणि शिष्य ही सगळी त्याच घरातली माणसं. म्हणजे शास्तीचं आणि शिष्याचं नातं सख्खं, आणि मूळ भाव वसुलीचा नसून वळण लावण्याचा. ‘शिक्षा’ दुसऱ्या घरची, ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे यातून आलेली. हिंदीत ती शाळेत बसली, मराठीत तिने छडी हातात घेतली.

प्रश्न दोनच आहेत. दंड आणि शास्ती यांत खरोखर फरक आहे, की हा कार्यालयीन मराठीचा नुसता डौल? आणि फरक असलाच, तर पैसे भरणाऱ्याला त्याचा उपयोग काय?

मुद्रितशोधक

आधी व्याकरण उरकून घेऊ.

शास्ती स्त्रीलिंगी. शेवटचा ‘ती’ दीर्घ, कारण तत्सम शब्दांचा अंत्य इकार मराठीत दीर्घ लिहितात. समासात पहिलं पद झालं की तो ऱ्हस्व होतो. बुद्धी पण बुद्धिबळ, तसंच शास्ती पण शास्तिपात्र. ‘शास्तीकर’ असं बिलांवर आणि बातम्यांत सर्रास दीर्घ छापतात. नियमाने ते ‘शास्तिकर’ हवं. अनेकवचनात रूप बदलत नाही, एक शास्ती, दोन शास्ती. ‘शास्त्या’ कानावर पडतं, पण लिहू नये.

क्रियापदांवरून शब्दाची जात कळते. दंड होतो, बसतो, ठोठावला जातो, भरला जातो. शिक्षा होते, सुनावली जाते, भोगावी लागते. शास्ती पैशांची असेल तर आकारली जाते, नोकरीतली असेल तर लादली जाते. भुर्दंड मात्र फक्त पडतो किंवा बसतो आणि निमूट सोसावा लागतो. ‘न्यायालयाने भुर्दंड ठोठावला’ असा मथळा दिसला तर तो चुकीचाच समजा. भुर्दंड कोणी अधिकाराने करत नाही. दुसऱ्याच्या चुकीने किंवा नियमाच्या वाकड्या चालीने आपल्या खिशाला लागलेली ती चाट असते. वैध दंडाला भुर्दंड म्हटलं, तर तो अन्याय्य आहे असं मत आपण त्या शब्दातच देऊन टाकतो.

कलमबहाद्दर

फरक आहे आणि तो डौलाचा नाही. कायद्याच्या मराठीत तीन कप्पे आहेत.

पहिला शिक्षेचा. गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायालय देतं ती शिक्षा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये तिचे सहा प्रकार आहेत: मृत्यू, आजन्म कारावास, कारावास (सक्तमजुरीचा किंवा साधा), मालमत्ता जप्त होणं, द्रव्यदंड आणि समाजसेवा. समाजसेवा ही १ जुलै २०२४ पासून आलेली नवी भर.

दुसरा कप्पा दंडाचा. वरच्या यादीतला पाचवा प्रकार म्हणजेच काटेकोर अर्थाने दंड. बोलण्यातल्या इतर दंडांपासून वेगळा ओळखू यावा म्हणून कायदा त्याला ‘द्रव्यदंड’ म्हणतो. तो शिक्षेचाच एक प्रकार, त्यामुळे मागे दोषसिद्धी असते. न भरल्यास त्याऐवजी किती दिवस आत जायचं, हे न्यायाधीश निकालातच लिहू शकतात.

तिसरा शास्तीचा. इथे खटला चालत नाही. कायद्याने अधिकार दिलेला अधिकारी, आयोग किंवा प्राधिकरण ती लादतं. आधी नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, मग कारणांसह आदेश. त्यावर अपील वरच्या प्राधिकाऱ्याकडे. भरली नाही तर सहसा जप्ती किंवा जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. पोलीस चारित्र्य पडताळणीत ‘दोषसिद्धी’ म्हणून ती येत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बऱ्याच अधिनियमांत ‘अपराध व शास्ती’ नावाचं प्रकरण असतं आणि त्यात कैदेच्या तरतुदीही असतात. तिथे शास्ती हा शब्द छत्रीसारखा, सगळ्यांना खाली घेणारा. म्हणून शीर्षकावर विसंबू नका, कलम वाचा. ‘दोषसिद्धीनंतर’ असे शब्द असतील तर मामला न्यायालयाचा.

२०२३ चा जनविश्वास अधिनियम हा फरक किती खरा आहे ते दाखवतो. ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी त्याने सौम्य केल्या आणि अनेक ठिकाणी द्रव्यदंड खोडून तिथे शास्ती आणली. अशा ठिकाणी न्यायालयाऐवजी अभिनिर्णय अधिकारी (म्हणणं ऐकून शास्ती ठरवणारा अधिकारी) आला. रक्कम तीच राहिली असती, तरी माणूस गुन्हेगार ठरत नाही हा बदल लहान नाही.

आणखी एक खड्डा हिंदीचा. हिंदी कायद्यात ‘दण्ड’ म्हणजे आपली शिक्षा, ‘जुर्माना’ म्हणजे आपला दंड. ‘शास्ति’ मात्र दोन्हीकडे एकच. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी करणारे ‘दण्ड’चं ‘दंड’ करून मोकळे होतात आणि कैदेची तरतूद पैशांच्या तरतुदीसारखी वाचली जाते. जुन्या ‘भारतीय दंड संहिते’च्या नावातला दंडही शिक्षेच्याच अर्थाचा होता, म्हणून त्या पुस्तकात फाशीही मावत होती.

पळसपान

मग रेल्वेत टीसी करतो तो दंड कोणत्या कप्प्यातला? आणि चौकातला ट्रॅफिक हवालदार पावती फाडतो तो?

कलमबहाद्दर

गंमत अशी की काटेकोर बोलायचं तर दोन्ही दंड नाहीत.

विनातिकीट प्रवासात तिकीट तपासनीस वसूल करतो तो ‘अतिरिक्त आकार’. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १३८. हिशेब असा: झालेल्या प्रवासाचं भाडं, अधिक तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांतलं जे जास्त ते. भाडं ४० रुपये असेल तर ४० अधिक २५०, म्हणजे २९०. भाडं ६०० असेल तर ६०० अधिक ६००, म्हणजे १,२००. द्यायला नकार दिला की प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातं आणि तिथे रक्कम न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. फसवणुकीच्या हेतूने केलेला प्रवास हे वेगळं कलम, १३७. तो सरळ गुन्हा.

चौकातली रक्कम म्हणजे ‘तडजोड शुल्क’. मोटार वाहन अधिनियमाचं कलम २००. शिक्षा म्हणून दंड करणं हे न्यायालयाचं काम, पोलिसाचं नाही. गुन्हा न्यायालयात नेण्याऐवजी ठरावीक रक्कम घेऊन मिटवण्याचा अधिकार त्याला आहे. रक्कम भरली की त्या गुन्ह्याची पुढची कार्यवाही थांबते. ई-चलान चुकीचं वाटत असेल (नंबर प्लेट दुसऱ्याची, फोटो धूसर, वेळ चुकीची) तर आधी ऑनलाइन तक्रार नोंदवा. ती फेटाळली गेली तर न्यायालयात म्हणणं मांडा. तिथे जो होईल तो खराखुरा दंड. पैसे भरून नंतर ‘मी चुकलोच नव्हतो’ म्हणणं अवघड, कारण तडजोड केलेली असते.

विजेतही हीच जोडी दिसते. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज अधिनियम २००३, कलम १२६, म्हणजे अनधिकृत वापर. दुप्पट दराने आकारणी, गुन्हा नाही. तारेवर आकडा टाकला तर कलम १३५, चोरी. तो गुन्हा, आणि कलम १५२ खाली तडजोडीची सोय एकदाच. मीटर तपासून गेल्यावर हातात पडणाऱ्या कागदावर यांतला कोणता आकडा आहे ते आधी पाहायचं, रक्कम नंतर. (आकडा म्हणजे कलमाचा. तारेवरचा त्यांनी आधीच काढून नेलेला असतो.)

मिळकतकर

आता रोजच्या कामाची शास्ती, म्हणजे मालमत्ता कराची. महानगरपालिकांत थकबाकीवर दरमहा २ टक्के. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे ते २४ टक्के होतात. कर्ज काढून कर भरला तरी बहुतेक वेळा स्वस्त पडेल.

समजा वर्षाचा कर १२,००० आहे. ६,००० ची एक अशा दोन सहामाही. पहिल्या सहामाहीवर जुलैपासून आणि दुसरीवर जानेवारीपासून शास्ती सुरू होते असं धरू (तारखा पालिकेगणिक पुढेमागे होतात, बिलावर छापलेली तारीखच खरी). काहीच न भरता मार्चमध्ये भरायला गेलात तर:

पहिली सहामाही: ६,००० वर दरमहा १२०, जुलै ते मार्च ९ महिने, १,०८०.
दुसरी सहामाही: ६,००० वर दरमहा १२०, जानेवारी ते मार्च ३ महिने, ३६०.
एकूण शास्ती १,४४०. भरायचे १३,४४०.

महिना सुरू झाला की तो पूर्ण धरतात. १ तारखेला भरा किंवा ३० तारखेला, त्या महिन्याची शास्ती तेवढीच. म्हणून भरायचंच असेल तर महिन्याच्या अखेरीस. १ तारीख उजाडू द्यायची नाही.

घोळ कुठे होतो? तीन ठिकाणी.

एक, शास्तीवर शास्ती. शास्ती मूळ करावर लागते, चक्रवाढ नाही. पण नव्या वर्षाच्या बिलात मागचा कर आणि मागची शास्ती एकत्र करून ‘मागील थकबाकी’ असा एकच आकडा छापला जातो. पुढचा हिशेब त्या बेरजेवर धरला गेला की चक्रवाढ झालीच. वरच्या उदाहरणात पुढची शास्ती १२,००० वर दरमहा २४० यायला हवी. १३,४४० वर काढली तर २६८.८० येते. महिन्याला २९ रुपयांचा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही, पाच-सात वर्षांनी भरतो.

दोन, अर्धवट भरणा. थकबाकीपैकी थोडी रक्कम भरली की ती बहुधा सर्वांत जुन्या बाकीत आणि तिच्या शास्तीत जिरते. चालू कराला हातच लागत नाही. ‘पाच हजार भरले तरी बाकी तेवढीच’ या तक्रारीचं मूळ यात आहे. पावतीवर रक्कम कोणत्या वर्षाच्या कोणत्या सदरात जमा झाली ते पाहा.

तीन, चुकीच्या करावरची शास्ती. क्षेत्रफळ जास्त धरलंय, भाडेकरू नसताना भाड्याचा दर लावलाय, स्वतः राहत असल्याची सवलत काढून टाकलीय, अशा वादात लोक भरणाच थांबवतात. वाद चालू असतानाही मीटर फिरतच असतो. हरकत लेखी नोंदवा आणि रक्कम ‘हरकत राखून’ भरा. निकाल बाजूने लागला तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती होते. अपिलात जायचं तरी आधी रक्कम भरावीच लागते.

हिशेब तपासायचा तर मिळकत क्रमांक देऊन वर्षवार खातेउतारा मागा. त्यात मूळ कर, शास्ती आणि नोटीस वा वॉरंट फी हे तीन रकाने सुटे हवेत. एकत्र आकडा दिला तर घेऊ नका.

अभय योजना निघते तेव्हा सूट शास्तीत असते, करात नाही. अट बहुधा एकच, मूळ कर एकरकमी. शास्ती आणि कर हे दोन शब्द बिलावर वेगळे का ठेवतात, त्याचं हे रोकडं कारण.

पळसपान

मिळकतकर, काही बिलांत ‘शास्ती’ आणि ‘शास्तीकर’ असे दोन रकाने असतात. छपाईची चूक का?

मिळकतकर

चूक नाही, दोन निराळ्या गोष्टी आहेत. शास्ती उशिराची. शास्तीकर अनधिकृत बांधकामाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६७-अ. मूळ तरतूद अशी की बांधकाम अनधिकृत राहील तोवर दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट रक्कम. कर १०,००० असेल तर वर २०,०००, एकूण ३०,०००. पुढे निवासी बांधकामांसाठी क्षेत्रफळानुसार सवलती आल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये हा विषय वर्षानुवर्षं निवडणुकीत गाजला आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने तिथला शास्तीकर माफ केला.

दोन समज पुसून टाका. शास्तीकर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. आणि शास्तीकर माफ झाला म्हणूनही ते अधिकृत होत नाही. नियमित करून घेण्याचा रस्ता वेगळा, त्याची रक्कम वेगळी आणि तिचं नावही वेगळं, ‘प्रशमन शुल्क’.

जमाखर्च

एवढं सगळं वाचूनही म्हणतो की शब्द बोजड आहे. ‘उशिराचा दंड’ लिहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बिल लोकांसाठी आहे की शब्दकोशासाठी? काही जण तर शास्ती म्हणजे ‘जास्ती’ची छपाई चुकली असं समजून पैसे भरून येतात, आणि अर्थ अगदीच चुकतो असंही नाही.

मुद्रितशोधक

जमाखर्चभाऊ, बिलापुरतं तुमचं पटतं. बिलावर ‘उशिराबद्दल शास्ती, दरमहा २ टक्के’ असं लिहिलं तर शब्दही राहील आणि अर्थही पोचेल. पण कायद्यात ‘दंड’ लिहून चालणार नाही, कारण तो शब्द आधीच खूप कामं करतोय. दंड म्हणजे हाताचा वरचा भाग, काठी, व्यायाम, शेतातला पाण्याचा पाट. ‘दंड थोपटले’ आणि ‘दंड भरला’ यांत एकच शब्द आहे हे पटकन लक्षातही येत नाही. विरलेल्या लुगड्याचा मधला भाग काढून दोन धडके तुकडे शिवायचे त्यालाही ‘दंड घालणे’च म्हणत. शिवाय नोकरीतल्या शास्तीत पैसे नसतातच बऱ्याचदा. नुसता ठपका ठेवला, तर त्याला दंड कसा म्हणणार?

आस्थापना४

ठपक्यावरूनच पुढे. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९, त्यातला नियम ५ म्हणजे शास्तींची यादी. दोन गट, किरकोळ आणि जबर.

किरकोळमध्ये ठपका ठेवणं, पदोन्नती रोखणं, शासनाचं झालेलं नुकसान वेतनातून वसूल करणं, वेतनवाढ रोखणं. जबरमध्ये खालच्या टप्प्यावर आणणं, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, बडतर्फी.

गट कोणता यावर कार्यपद्धती ठरते. जबर शास्तीसाठी नियम ८ ची पूर्ण विभागीय चौकशी: दोषारोपपत्र, त्याची जोडपत्रं (दोषारोप, त्यांचं विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी), बचावाचं निवेदन, चौकशी अधिकारी, उलटतपासणी, अहवालाची प्रत देऊन त्यावर म्हणणं. किरकोळसाठी नियम १०: नोटीस, खुलासा, आदेश. आदेश रद्द होतात ते बहुधा इथेच. नोटीस नियम १० ची आणि शास्ती जबर गटातली, हे टिकत नाही.

शब्दांबाबत नेहमी होणाऱ्या चुका:

निलंबन ही शास्ती नाही. ते नियम ४ मध्ये आहे, चौकशीच्या काळात माणसाला कामापासून दूर ठेवण्यापुरतं. ‘निलंबनाची शिक्षा झाली’ ही बातमीतली भाषा.

‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ एक नव्हे. पहिल्यात पुढे शासकीय नोकरीचं दार बंद होत नाही, दुसऱ्यात सामान्यतः बंद होतं. अर्जातल्या ‘यापूर्वी बडतर्फ केले आहे काय’ या रकान्यात काय लिहायचं ते यावर ठरतं.

वेतनवाढ रोखण्याच्या आदेशात ‘पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता’ हे पाच शब्द आहेत का ते आधी पाहा. असतील तर नुकसान आदेशातल्या मुदतीपुरतं, ती संपली की वेतन मूळ रांगेत येतं. त्याऐवजी ‘परिणाम होऊन’ असेल, तर मागे पडलेला टप्पा निवृत्तिवेतनापर्यंत मागेच राहतो. शास्तीचं नाव एकच, पण पैशांत जमीन-अस्मानाचा फरक.

साधी समज देणं, ताकीद देणं हे यादीत नाही, म्हणून ती शास्ती नाही. ठपका यादीत आहे, म्हणून ती शास्ती. ‘सक्त ताकीद देण्यात येत आहे’ असं पत्र आलं आणि सेवापुस्तकात ‘शास्ती’ म्हणून नोंद झाली, तर ती काढून मागता येते.

टाकबोरू

माहिती अधिकारातल्या शास्तीबद्दलही कोणी सांगेल का? तिथे ‘२५,००० मिळतात’ असा एक समज फिरतो.

कलमबहाद्दर

मिळत नाहीत. कलम २० ची शास्ती दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. म्हणजे १०० दिवसांत मर्यादा गाठली जाते. ती जन माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जाते, कार्यालयाच्या अनुदानातून नाही, आणि शासनाकडे जमा होते. अर्जदाराला द्यायची ती नुकसानभरपाई, तिचं कलम १९(८)(ब). ती सार्वजनिक प्राधिकरण देतं. अपिलात ‘शास्ती मिळावी’ लिहिलं तर अर्थच उलटा होतो. ‘शास्ती लादावी’ आणि हवी असल्यास ‘नुकसानभरपाई मिळावी’ अशा दोन मागण्या सुट्या लिहाव्यात. भरपाईसाठी झालेला खर्च, खेपा, बुडालेली कामं यांचा हिशेब जोडा, नुसत्या मनस्तापावर आकडा लागत नाही.

पहिल्या अपिलाच्या अधिकाऱ्याला या कलमाखाली शास्ती लागत नाही. ती लादण्याचा अधिकारही त्याला नाही, तो फक्त आयोगाला.

हिशेबनीस

पैशांच्या व्यवहारात चार शब्द एकमेकांत मिसळतात: व्याज, विलंब शुल्क, दंड, शास्ती. आयकराचं उदाहरण घ्या. १९६१ च्या कायद्यात यांची कलमं वेगळी आहेत आणि जुन्या वर्षांच्या नोटिसा त्याच कायद्याखाली येतात. विवरणपत्र उशिरा भरलं तर २३४-फ चं विलंब शुल्क ५,००० (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००). कर बाकी असेल तर २३४-अ चं व्याज महिन्याला १ टक्का. आणि उत्पन्न कमी दाखवलं तर २७०-अ ची शास्ती, त्यावरच्या कराच्या ५० टक्के, मुद्दाम खोटं दाखवलं तर २०० टक्के. पहिल्या दोन रकमा आपोआप लागतात, सुनावणी नाही. तिसरीला नोटीस आणि आदेश लागतो. नोटिशीत ‘दंड’ वाचून घाबरण्याआधी कलम पाहा. बऱ्याचदा ते निव्वळ व्याज निघतं.

कर्जाच्या हप्त्यावरचं ‘दंडव्याज’ हा शब्द आता जुना झाला. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने व्याजदरात दंड मिसळण्याची पद्धत बंद केली. आता बँक घेऊ शकते ते ‘दंडात्मक शुल्क’, आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. खातेउताऱ्यात अजून ‘दंडव्याज’ दिसत असेल तर तो फक्त जुना शब्द उरलाय की जुना हिशेबही, ते विचारून घ्या.

मुद्रांक शुल्क कमी भरलं असेल तर तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, दस्तावर सही झाल्या तारखेपासून, कमाल मर्यादा तुटीच्या चौपट. तूट २०,००० असेल तर महिन्याला ४००, ३० महिन्यांत १२,०००, आणि कितीही वर्षं गेली तरी ८०,००० च्या वर नाही. दस्त नोंदणीचा उशीर हा वेगळा विषय. सही झाल्यापासून ४ महिने मुदत, त्यानंतर आणखी ४ महिने दंड भरून, तो नोंदणी फीच्या १० पटींपर्यंत. एकाच दस्तावर दोन्ही लागू शकतात. एक माफ झालं म्हणून दुसरं माफ झालं असं धरू नका. २०२३ च्या मुद्रांक अभय योजनेतली सवलत मुद्रांकाचीच होती.

पळसपान

खासगी करारात ‘घर वेळेवर रिकामं न केल्यास रोज १,००० रुपये दंड’ लिहितात, ते कशात बसतं?

कलमबहाद्दर

दंडात तर नाहीच. एका खासगी माणसाला दुसऱ्याला दंड करण्याचा अधिकार नसतो. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ७४ अशा रकमेला कमाल मर्यादा मानतं. न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई देतं. करारात १,००० लिहिले म्हणून रोजचे १,००० मिळतीलच असं नाही. महिन्याचं भाडं ९,००० असताना रोजचे १,००० म्हणजे तिपटीहून जास्त, त्यावर प्रश्न येणारच. मसुद्यात ‘दंड’ऐवजी ‘ठरवलेली नुकसानभरपाई’ लिहा आणि आकडा कसा काढला (भाडं, देखभाल, वीज) ते एका ओळीत नमूद करा. नुसत्या शब्दाने न्यायालय भुलत नाही, पण हिशेबाची ओळ उपयोगी पडते.

गृहनिर्माण संस्थेने जिन्यात लावलेला ‘दंड केला जाईल’ हा फलकही असाच. उपविधीत तरतूद असेल तरच, आणि तीही कारणे दाखवा नोटीस, सभासदाचं म्हणणं, सर्वसाधारण सभेचा निर्णय या वाटेने. सचिवांनी परस्पर बिलात घातलेला आकडा टिकत नाही.

दफ्तरदार

जरा अवांतर. मराठेशाहीच्या कागदांत वादात हरलेल्याकडून घेत त्या रकमेचं नाव होतं ‘गुन्हेगारी’. आज तो शब्द ऐकला की चाकू-सुरे आठवतात, तेव्हा तो सरकारजमेचा एक रकाना होता. जिंकलेल्याकडूनही घेत, ती ‘हरकी’. म्हणजे निकाल कसाही लागो, सरकारचे दोन्ही हात ओले. आजच्या भाषेत गुन्हेगारी दंडाच्या जवळची आणि हरकी शुल्काच्या जवळची, पण हे कप्पे आपले, त्यांचे नव्हेत. जुने कागद वाचताना ‘गुन्हेगारी घेतली’ याचा अर्थ ‘दंड घेतला’ एवढाच लावा, तिथे गुन्हा असेलच असं नाही. जमिनीच्या किंवा वतनाच्या वादातही ती घेत.

टाकबोरू

हरकी हा शब्द परत आणायला काही कार्यालयं आनंदाने तयार होतील. शेवटचं विचारतो. बिलात शास्तीवर शास्ती लागली असेल तर अर्जात नेमकं काय लिहायचं?

मिळकतकर

चार ओळी पुरतात.

‘विषय: मिळकत क्र. ... वरील शास्तीची फेरआकारणी करणेबाबत. सन ... च्या बिलात मागील थकबाकी रु. ... दर्शविली असून त्यात मूळ कर रु. ... व शास्ती रु. ... अंतर्भूत आहे. चालू शास्ती या एकत्रित रकमेवर आकारलेली दिसते. ती केवळ मूळ करावर आकारून सुधारित बिल मिळणेस विनंती. सोबत: वर्षवार खातेउतारा, पावत्यांच्या प्रती, हिशेबाचा तक्ता.’

‘माफी’ हा शब्द टाळा. माफी मागितली की अर्ज अभय योजनेच्या ढिगात जाऊन पडतो. तुम्हाला दुरुस्ती हवी आहे. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुद्रितशोधक

‘करणेबाबत’ नको, ‘करण्याबाबत’. ‘मिळणेस’ नको, ‘मिळण्याची’. बाकी अर्ज चोख.